आधी ‘चीं’, मग ‘घर्र’: पुढच्या चाकाचा ब्रेक घरी उघडताना

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

“माझी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किलोमीटर झालीय. पुढे डिस्क, मागे ड्रम. पोळ्याच्या सुमारास ब्रेक दाबला की चीं असा बारीक आवाज यायचा. महिनाभराने तो आपोआप थांबला. आता पंधरा दिवसांपासून ब्रेक दाबला की घर्र वाजतं, बहुतेक पुढच्या डाव्या चाकातून, आणि गाडी जराशी उजवीकडे ओढते. वडील रोज म्हणतात, ‘गाडी रडी ऱ्हायनी.’ मध्यंतरी ब्रेक ऑइल खालच्या खुणेला आलं होतं, ते मी वरपर्यंत भरलं. गॅरेजवाले म्हणतात डिस्क, पॅड, कॅलिपर सगळं बदला. मेहुणा म्हणतो डिस्कवर थोडं ऑइल मार, आवाज जाईल. पावसाळाभर गाडी शेताच्या रस्त्याने चालली. दिवाळीनंतर घरच्यांना वणीच्या गडावर न्यायचंय. हे घरी उघडून बघता येईल का? काय काय लागेल?”

भाऊ, मेहुण्यांचा सल्ला आधी बाजूला सारा. डिस्कवर ऑइल, ग्रीस, डिझेल यांतलं काहीही लागलं तर आवाज जाईल आणि त्याच्यासोबत ब्रेकही जाईल. पॅड तेल पिऊन घेतो. मग कितीही पुसलं तरी तो टाकूनच द्यावा लागतो. दुसरं, चाक उघडून बघेपर्यंत गाडी दारातच उभी राहू द्या. धुळ्यापर्यंतसुद्धा नको.

तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. चाकासोबत फिरते ती डिस्क; तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा तो कॅलिपर, आणि त्यातला पिस्टन पॅड डिस्कवर दाबतो. पॅडच्या पत्र्याला एक बारीक लोखंडी जीभ असते. घासायचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि चीं करते. त्यासाठीच ती ठेवलेली असते. तुमची जीभ महिनाभर ओरडली, मग झिजून किंवा वाकून गप्प झाली. आता पॅडचा पाठीमागचा पोलादी पत्रा थेट बिडाच्या डिस्कवर घासतोय, म्हणून घर्र. ब्रेक ऑइल उतरलं तेही यामुळेच. पॅड झिजत गेला की पिस्टन तेवढा बाहेर सरकतो, त्याच्यामागे रिकामी झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि वरच्या डबीतली पातळी खाली येते. गळती नसताना ऑइल हळूहळू उतरलं तर आधी पॅड बघायचे असतात. तुम्ही डबी वरपर्यंत भरलीत हे लक्षात असू द्या, पुढे त्याचा त्रास होणार आहे. आणि गाडी उजवीकडे ओढते याचा अर्थ उजवं चाक ब्रेक नीट धरतंय, डावं कमी पडतंय. आवाजही डावीकडूनच येतोय, म्हणजे खूण जुळते.

तरीही चाक काढण्याआधी खात्री करून घ्या, कारण घर्र करणाऱ्या इतरही गोष्टी आहेत. ब्रेक न दाबता सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर तो वाढत असेल, तर ते चाकाचं बेअरिंग. वळण घेताना टक-टक वाजत असेल तर एक्सलचा जॉइंट. ब्रेक दाबो न दाबो, खर्र-खर्र येत असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा अडकलेला असू शकतो. खडीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीत हे नेहमी होतं. पत्रा बोटाने जरा मागे दाबून तारेने खडा पाडला की काम झालं. गाडी धुतल्यावर किंवा पावसात रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खरखर येते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज. त्याची काळजी करू नका.

मागच्या ड्रमचा संशय फेडायला एक सोपी रीत आहे. अंगणात किंवा गल्लीतल्या मोकळ्या सरळ पट्ट्यावर, अगदी माणूस चालतो त्या वेगाने गाडी न्या. पायाचा ब्रेक न लावता, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून दांडी हळूच ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा घर्र आलं तर दुखणं मागे, नाही आलं तर पुढे.

आता सामान. गाडीसोबतचा जॅक आणि चाकपाना तर आहेच. जॅक स्टँड मात्र विकत किंवा मागून आणा. त्याच्याशिवाय हे काम करूच नका. विटा किंवा दगड रचून गाडी टेकवायची सवय आपल्याकडे आहे, पण वीट भाराखाली तडकते ती आधी सांगत नाही. बाकी १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने, एक पातळ १७ चा फिक्स पाना, तारेचा ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, एक मोठा सी-क्लॅम्प, हात-दीड हात बांधणीची तार, २० मि.ली. ची नवी इंजेक्शनची सिरिंज, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकच्या पिनांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, मास्क, हातमोजे. जाडी मोजायला व्हर्नियर मिळाला तर उत्तम. वर्कशॉपवाल्याकडून तासाभरासाठी आणता येतो. ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पानाही असाच मिळाला तर घ्या.

जागा सिमेंटची किंवा फरशीची हवी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक वरून कोरड्या दिसणाऱ्या जमिनीतही तिरपा बसतो, आणि गाडी त्याच्यावरून घसरते. दुसरी जागा नसेलच तर जॅकखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची फळी टाका. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग गाडी उचला, स्टँड लावा, जॅक जरासा उतरवून भार स्टँडवर येऊ द्या आणि गाडी हाताने हलवून बघा. काढलेलं चाक दाराखालच्या कडेला गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. काही घसरलंच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवा, म्हणजे कॅलिपरची मागची बाजू समोर येते. आता नुसतं बघा, कशालाही हात लावू नका. कॅलिपरच्या मधल्या खिडकीतून दोन्ही पॅड दिसतात. बहुतेक जण बाहेरचा पॅड बघतात, तो बरा दिसतो आणि चाक परत लावून टाकतात. आतला पॅड, म्हणजे पिस्टनकडचा, मोबाइलची बॅटरी लावून बघा. नव्या पॅडवर घासायचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. तुमच्या डाव्या चाकात आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरच्याचा थर अजून शिल्लक असेल, असा आमचा अंदाज आहे. चाकाच्या आतल्या बाजूला चमकणारी चंदेरी भुकटी दिसली तर ती डिस्कची झीज. नेहमीची काळी धूळ वेगळी.

मोबाइलवर चार-पाच फोटो काढून ठेवा. क्लिप कुठे, जीभ कोणत्या पॅडला आणि कोणत्या टोकाला, हे पुन्हा जोडताना हमखास विसरायला होतं.

कॅलिपरच्या पाठीमागे वर-खाली दोन बोल्ट असतात, बहुतेक छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ चे. खालचा सोडवताना त्याच्यासोबत आतली पिनही फिरते, ती पातळ १७ च्या पान्याने धरून ठेवा. खालचा बोल्ट निघाला की कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा उघडतो. तसा उघडला नाही तर दोन्ही बोल्ट काढा आणि कॅलिपर तारेने वरच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या रबरी पाइपवर त्याला लोंबकळू देऊ नका. पाइप बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फाटतो. त्या फाटलेल्या रबराचा पापुद्रा पुढे झडपेसारखं काम करतो: ऑइल आत जातं, परत येत नाही, आणि चाक ब्रेक सोडल्यावरही धरून बसतं.

पॅड काढले की ते जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवा आणि नीट वाचा. खरं निदान इथे आहे, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका. दोन्ही पॅड सारखे झिजलेले असतील तर नुसतं वय झालं. नवे घाला आणि मोकळे व्हा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजला असेल तर दोनच कारणं. एक, कॅलिपर ज्या पिनांवर मागे-पुढे सरकतो त्या जाम झाल्यात. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकत नाही म्हणून बाहेरचा पॅड डिस्कपर्यंत पोचतच नाही. सगळं काम एकटा आतला करतो. दोन, पिस्टनच मागे जात नाही. पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर एकच पिन अडलीय किंवा पॅडचा कान ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड आणि कॅलिपर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजाने धरलाय.

तुमच्या गाडीत पिना अडल्या असणार असं वाटतं, कारण ती पावसाळाभर शेतरस्त्याने गेलीय. आपली काळी माती फार बारीक असते. पावसात फुगते, उन्हात आवळते. पिनेवर रबरी बूट असतो, पिचकारीच्या फुग्याएवढा. त्याच्या घड्यांमध्ये गारा बसला आणि वाळला की कॅलिपर सरकताना तो कणकण रबर कापतो. एकदा बुटाला चीर पडली की पाणी आत, ग्रीस बाहेर आणि पिनेवर गंज. म्हणून गॅरेजमध्ये नुसते पॅड बदलून आणलेली गाडी सहा-आठ महिन्यांत पुन्हा त्याच चाकाने ओरडते. नव्या पॅडलाही एकट्यालाच खपावं लागतं.

पिन हाताने ओढून बघा. चांगली पिन दोन बोटांनी सरकते आणि दाबून सोडली की आतल्या हवेने किंचित परत येते. अडलेली पिन पान्याने डावी-उजवी फिरवत, ओढत काढा. हातोडीने ठोकू नका, ब्रॅकेटचा कान तुटतो. वरची आणि खालची पिन बहुधा वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बाही असते. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. जुनं ग्रीस पुसा, भोकात ब्रेक क्लीनर मारून बांबूच्या काडीला गुंडाळलेल्या फडक्याने ते कोरडं करा. पिनेवर नुसता तांबूस डाग असेल तर पॉलिश पेपरने जातो. बोटाला खड्डे लागत असतील तर ती पिन भंगार. पिना आणि बूट यांचा छोटा संच स्पेअर पार्टच्या दुकानात सुटा मिळतो. इथे कॅलिपर बदलायची गरज नसते. गॅरेजवाल्यांनी सगळंच बदला म्हटलं, पण त्यांनी चाक उघडून बघितलं होतं की नुसता आवाज ऐकला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उघडून बघितलं असेल आणि पिस्टन गंजलेला दिसला असेल, तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पिनेला सिलिकॉन ग्रीसच. ट्रॅक्टरच्या निपलमध्ये भरायचं पिवळं किंवा काळं ग्रीस इथे चालत नाही. त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट धरते. एका पिनेला गव्हाच्या दोन-तीन दाण्यांएवढं ग्रीस बोटाने सगळीकडे पुरून उरतं. जास्त भरलं तर भोकाच्या तळाशी ते कोंडतं, पिन पूर्ण आत जात नाही आणि तुम्हाला वाटतं काम चांगलं झालं.

ब्रॅकेटच्या खाचांमधल्या स्टीलच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज चढलेला असतो, तो क्लिपांना वर उचलतो आणि पॅड खाचेत अडकतो. तारेच्या ब्रशने बीड दिसेपर्यंत घासा, मग क्लिपा बसवा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमकं हेच सुटतं. घासताना मास्क लावा, धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या आणि स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. स्प्रे मारून ओली करून फडक्याने टिपून घ्यायची. रॉकेल, पेट्रोल, डिझेल इथे वापरायचं नाही.

आता डिस्क. पत्रा तिच्यावर पंधरा दिवस चाललाय, तेव्हा खाचा पडलेल्या असणारच. नख डिस्कवर मधून बाहेर ओढा. नुसतं खरबरीत लागलं तर नव्या पॅडसोबत ते घासून जाईल. नख खाचेत अडकत असेल तर डिस्क लेथवर घासून घ्यावी लागेल किंवा बदलावी लागेल, आणि ते जाडीवर ठरतं. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेला ‘मिन’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. गंज घासल्याशिवाय दिसत नाही. त्या जाडीच्या खाली डिस्क वापरायचीच नाही. नव्या डिस्कपेक्षा ही मर्यादा साधारण २ मिलिमीटरने कमी असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला तेवढंच मांस आहे.

जाडी मोजताना एक चूक सगळेच करतात. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाही, न झिजलेला कठडा उरतो. व्हर्नियरचे जबडे त्या कठड्यावर टेकतात आणि माप जास्त येतं. डिस्क मेलेली असते आणि आकडा ठीक दाखवतो. त्यावर उपाय म्हणजे दोन नाणी. डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कठड्याच्या आत बोटभर, एकेक नाणं टेकवून धरा आणि नाण्यांसकट मोजा. मग दोन्ही नाणी एकत्र मोजून तेवढं वजा करा. चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा खरा माना. डिस्कवर निळसर-जांभळे डाग असतील तर ती फार तापलेली आहे; डागांसोबत केसासारख्या भेगा असतील तर जाडी न बघता बदला.

डिस्क बदलायची ठरली तर ब्रॅकेटचे दोन जाड बोल्ट सोडवावे लागतात, बहुधा १७ चे आणि बरेच घट्ट. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेली असते. बऱ्याच गाड्यांच्या डिस्कला आट्यांची दोन छोटी भोकं असतात; त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत नेले की डिस्क स्वतःच सुटून पुढे येते. हबचा गंज पूर्ण घासून काढा. तिथे राहिलेली एक पापडी डिस्क तिरकी बसवते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेकच्या पायाला थरथर जाणवू लागते. नव्या डिस्कवर गंज न चढण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो, तो क्लीनरने धुवून मगच पॅड लावा. डिस्क आणि पॅड दोन्ही, डाव्या-उजव्या चाकांना एकाच वेळी. एकाच चाकाला नवे घातले तर गाडी तिकडे ओढेल. उजव्या चाकाच्या पिनाही याच बैठकीत साफ करा; त्याही त्याच चिखलातून गेल्यात.

पॅड आणायला जाताना आर.सी. सोबत न्या. एकाच गाडीत बनावटीच्या वर्षाप्रमाणे पॅडचा आकार बदलतो, आणि दुकानदार चेसिस नंबरवरून नेमका संच काढतो. जुना पॅडही पिशवीत घाला आणि दुकानातच नव्याच्या पाठीला पाठ लावून बघा.

पिस्टन आत ढकलण्याआधी बॉनेट उघडा. तुम्ही डबी वरपर्यंत भरलीय, आणि पिस्टन मागे गेला की तेवढं ऑइल उलटं वर येणार. सिरिंजने निम्म्यापर्यंत काढून घ्या, डबीभोवती फडकं गुंडाळा. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं ऑइल परत ओतायचं नाही. मग पिस्टनवर जुना पॅड ठेवा आणि सी-क्लॅम्प सावकाश आवळा, एकेक फेरा आणि थांबत. पिस्टन गुळगुळीतपणे आत गेला पाहिजे. अडून-अडून जात असेल, तिरपा होत असेल किंवा त्याच्या बुटाखालून ओलं दिसत असेल, तर तिथे थांबा. कॅलिपर उघडून आतली रबरी रिंग बदलण्याचं काम घरी करायचं नाही. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

नवे पॅड क्लिपांमध्ये हाताच्या दाबाने सरकले पाहिजेत. हातोडी लागत असेल तर क्लिपखाली गंज राहिलाय. बाकी जोडणी फोटो बघून उलट्या क्रमाने. कॅलिपरचे छोटे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटरला बसतात, म्हणजे लहान पान्याने एका हाताचा नेटका जोर. पाइप घालून आवळले तर आटे निघतात. चाकाचे नट बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते १०० च्या दरम्यान. दोन्हींचा नेमका आकडा आपल्या मॉडेलचा बघून घ्या. चाकाचे नट एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे आवळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पायडल दाबा. पहिल्यांदा ते सरळ तळाला जाईल, कारण पिस्टन मागे गेलेला आहे आणि पॅड डिस्कपासून लांब आहेत. कडक लागेपर्यंत, दहा-पंधरा वेळा, दाबत राहा. हे न करता रिव्हर्स घेतलेली गाडी थेट भिंतीवर जाते. मग डबीतली पातळी बघा आणि दोन खुणांच्या मध्ये आणा. चाक स्टँडवर असतानाच गिअर न्यूट्रलला आणून, इंजिन सुरू करून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: चाक धरलं पाहिजे आणि पाय काढताच हाताने फिरलं पाहिजे, हलकी सरसर चालेल.

नवे पॅड बसवल्या-बसवल्या पूर्ण ब्रेक देत नाहीत, त्यांना डिस्कवर बसवावं लागतं. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० चा वेग घ्या, मध्यम दाबाने १५ वर आणा, ब्रेक सोडा, अर्धा मिनिट गाडी पळू द्या. असं आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबून पाय दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. पुढचे २००-३०० किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा. थोडा वास येईल, तो येऊ द्या. दहाएक किलोमीटरनंतर दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथे पिन किंवा पिस्टन अजून सुटत नाहीये.

मागचे ड्रम तुम्ही घरी उघडू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत ड्रम आणि चाकाचं बेअरिंग एकाच नटावर असतं आणि तो नट आवळण्याचं माप चुकलं तर बेअरिंग जातं. आतल्या स्प्रिंगाही डोळ्याला धोकादायक. पुढचं काम झालं की मेकॅनिककडून लायनर (ड्रममधले घासायचे पट्टे) बघून घ्या, धूळ काढून घ्या, आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसरपणा नाही ना हे विचारा.

गडाबद्दल. नांदुरीपासून वरचा घाट चढताना ब्रेकला फारसं काम नसतं. उतरताना, पाच माणसं आणि सामान घेऊन, सगळी परीक्षा तेव्हाच. तिथे तुमच्या ब्रेक ऑइलचं वय मोजलं जातं. हे ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्यासाठी ती हद्द १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी तेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल स्पंजासारखं खाली जातं. आठ वर्षांत तुम्ही फक्त वरून भरत आला असाल तर निघण्याआधी जुनं सगळं काढून नवं भरून घ्या आणि हवा काढून घ्या. ते मेकॅनिकचं काम आहे. दर्जा डबीच्या झाकणावर लिहिलेला असतो, तोच घ्या, आणि डबा सीलबंद असल्याची खात्री करा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल कधीच नाही. पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्कला मध्ये श्वास मिळतो. जळका वास आला तर मोकळ्या जागी थांबा, पंधरा-वीस मिनिटं गाडी तशीच उभी राहू द्या. चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनी आणि तोरणमाळला जाणाऱ्यांनीही हेच पाळावं.

पॅड लावले त्या दिवशी चारही पॅडची जाडी आणि किलोमीटर एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ५,००० किलोमीटरला किंवा पावसाळा संपला की पुढची दोन चाकं काढून पुन्हा मोजा. आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये २ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पिना परत अडायला लागल्यात, तेव्हाच त्या काढून पुसा. शेतातून आल्यावर गाडी धुताना पाइपची धार चाकाच्या आतल्या बाजूलाही धरा. गारा ओला असतानाच निघतो, वाळला की निघत नाही.